भाकर थापणारा बाप

स्कूटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून एखादी बाई गावात शिरली, की ती काहीतरी विकायला आली असणार असं लोक धरून चालतात. मला आजवर साडीवाली, पापडवाली, बचतगटवाली आणि एकदा तर कुत्र्यांना सुई टोचणारी बाई समजलं गेलं आहे. त्या वेळी गावातला एक म्हातारा आपल्या कुत्र्याला घट्ट धरून वेशीवर उभाच होता. मी पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढलं तेव्हा त्यानं कुत्र्याला सोडलं आणि म्हणाला, "जाय बा, तुह्यं काम नाय इथं." कुत्रा पळाला. म्हातारा मात्र बसला आणि शेवटच्या पानापर्यंत बसून राहिला.

माझं काम सांगायला सोपं आहे. लहान मुलांची पुस्तकं गावोगाव न्यायची, वाचून दाखवायची, तिथंच ठेवून यायची, आणि पुढच्या वेळी जाऊन ती किती फाटली ते बघायचं. फाटली नसतील तर काळजी करायची. कोरं करकरीत पुस्तक म्हणजे कुणी हात न लावलेलं पुस्तक. तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका लहानशा संस्थेत मी हे करत आले. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून नव्या मुलींना शिकवण्याचं बसकं काम माझ्याकडे जास्त असतं.

शिकवताना पहिली गोष्ट सांगते ती मानेची. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं असतं, चित्र त्यांना दिसलं पाहिजे. म्हणजे आपण बाजूनं मान वाकडी करून वाचायचं. शिंप्याचे डोळे जातात, तशी आमची मान जाते. दुसरी गोष्ट, वाचून झाल्यावर "यातून तुम्ही काय शिकलात?" असं विचारायचं नाही. हे विचारलं की मुलं ताबडतोब "खोटं बोलू नये" असं सांगतात, मग गोष्ट खोटं बोलण्याची असो की बेडकाची. मोठ्या माणसांना मात्र तात्पर्य लागतंच. बेला गावच्या बाजारात एका गृहस्थांनी आमचं पुस्तक पुढून मागून उलटून पाहिलं आणि विचारलं, "याच्यातलं तात्पर्य कुठं छापलं हाय?" मी म्हटलं, "नाही छापलं." त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. दाण्याविना शेंग विकतेय अशा नजरेनं माझ्याकडे बघत निघून गेले.

आमची पुस्तकं जरा वेगळी असायची. त्यांतली मुलं काळीसावळी होती. कुणी कुबडी घेऊन क्रिकेट खेळायचं, कुणाची आई वीटभट्टीवर होती, कुणाच्या घरी गोंडी बोलत. मी स्वतः बेल्याकडच्या बौद्ध वस्तीत वाढले. माझ्या लहानपणी पुस्तकातल्या मुलांच्या घरांना गॅलरी असायची आणि त्यांची आई गॅलरीतून हात हलवायची. माझी आई कापूस वेचायला जायची. तिचे दोन्ही हात कामात असायचे, त्यामुळे पुस्तकात ती कधी आलीच नाही. या नोकरीला मी चिकटून राहिले त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे मला गोष्टी वाचायला आवडतात आणि त्याचा पगार मिळतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

एका गावाची गोष्ट सांगते. बेल्याच्या पुढं, नदीच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या मुलांकडे माझा फोन नंबर आहे.

या गावात पुस्तकं ठेवायची कुठं, हाच मोठा प्रश्न होता. आधी मी ती विहारात ठेवली. तिथल्या बौद्ध वस्तीतली पोरं तुटून पडली, पण गावातलं एकही आलं नाही. देवळात ठेवली असती तर उलटं झालं असतं. शाळेत नेली तर हेडमास्तरांनी आनंदानं घेतली आणि लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली. "पुस्तकालु पाडैपोताय, मॅडम," म्हणाले, म्हणजे पुस्तकं खराब होतील. मी म्हटलं, "सर, तेच तर व्हायला पाहिजे." त्यांना वाटलं माझं तेलुगू कच्चं आहे.

शेवटी मला चक्की सापडली. गावात पिठाची चक्की एकच. जवारीचा डबा घेऊन प्रत्येक घरातलं पोर तिथं येणार, नंबर लागेपर्यंत बसणार, आणि बसून एकमेकांना चिमटे काढणार. चक्की रुखमाबाईची. नवऱ्याच्या मागं तिनं ती एकटीनं चालवली. पिठानं भुवया पांढऱ्या, आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असल्यामुळे ती "चहा घेता का?" असंही भांडल्यासारखं विचारायची.

"पुस्तकं ठेवू का इथं?" मी विचारलं.

"खातात का काई?"

"नाही."

"मंग ठेवा!"

तिनं भिंतीला एक फळी ठोकून दिली. दोऱ्या बांधून त्यावर पुस्तकं टांगली. थोड्याच दिवसांत सगळ्या पुस्तकांवर पिठाचा हलका थर बसला आणि आमच्या संस्थेच्या ऑफिसात ती परत आली की टेबलावर जवारीचा वास सुटायचा.

चक्की चालू असताना वाचता येत नसे. एक दळण उतरलं आणि दुसरं चढायच्या आधी जो वेळ मिळेल तेवढ्यात वाचायचं. नेमका वाघ गुहेतून बाहेर यायचा, आणि रुखमाबाई पट्टा चढवायची. पोरं ओरडायची, "आजी, थांब वो!" रुखमाबाई म्हणायची, "वाघाले थांबव, गिऱ्हाईक थांबत नाय!" वाघ बिचारा पुढच्या दळणापर्यंत गुहेच्या तोंडाशी उभा राहायचा. माझ्या वाचनाला तेवढी उत्कंठा कुठल्याही शाळेत मिळाली नाही.

एके दिवशी मी तिथं एक नवीन पुस्तक नेलं. त्यातली आई ट्रॅक्टर दुरुस्त करते आणि बाप घरी भाकरी थापतो. पहिली भाकर फाटते, दुसरी करपते, तिसरी जमते आणि टम्म फुगते. एवढीच गोष्ट. पोरं पोट धरून हसली. पोरगे म्हणाले, असा बाप नसतो. पोरी म्हणाल्या, असला पाहिजे. वाद वाढला, आणि वाद वाढला की पोरं करून बघतात.

चक्कीच्या मागं त्यांनी तीन दगडांची चूल मांडली. रुखमाबाईनं तवा दिला. प्रत्येकानं आपापल्या डब्यातून एकेक मूठ पीठ एकाच परातीत टाकलं. भाकर फक्त पोरग्यांनी करायची, अशी अट पोरींनी घातली. कुणाची भाकर कानासारखी, कुणाची चपलेच्या तळासारखी झाली. राहुलची मात्र गोल झाली आणि फुगली. राहुल बौद्ध वस्तीतला, चौथीतला. त्याची आई शीला मजुरीला जायची, त्यामुळे त्याचा हात घरीच बसलेला होता. ती भाकर तिखटमिठाबरोबर सगळ्यांनी वाटून खाल्ली. त्यात गौरीही होती. गौरी विठ्ठलरावांची मुलगी, आणि विठ्ठलराव म्हणजे गावातली सगळ्यात मोठी कापसाची शेती.

पुढच्या वेळी मी चक्कीवर पोचले तेव्हा विठ्ठलराव मोटरसायकलवर पाय टेकून उभे होते. मिशा भरघोस, आवाज त्याहून.

"ताई, हे काय शिकवून राह्यले तुमी पोट्ट्याइले? माही पोरगी जेवताना मले म्हनते, बाबा, तुमाले भाकर येत नाय का? घरात बापाची इज्जत ठेवता का नाय?"

"मी शिकवलं नाही हो. गोष्ट वाचली."

"ते पुस्तक आना इकडं. जप्त!"

दोरीवरून त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. जप्ती हा शब्द आमच्याकडे निजामाच्या काळापासून घरोघर आहे, पण चित्राच्या पुस्तकाची जप्ती मी पहिल्यांदाच पाहिली. मग ते रुखमाबाईकडे वळले. "आन हा बाजार बंद कर. नायतं आमच्या भावकीचं दळन उद्यापासून दुसऱ्या गावाले जाईल."

रुखमाबाईची निम्मी चक्की त्या भावकीवर चालायची. तिनं पट्टा उतरवला. चक्की थांबली, आणि त्या शांततेतही ती तेवढ्याच जोरात बोलली, "न्या! तिथलं पीठ जाडं येते. मंग भाकर मोडली त मंगलाले बोलू नका!" मंगला म्हणजे विठ्ठलरावांची बायको.

मोटरसायकल गेली. भावकीचं दळण खरोखरच दुसऱ्या गावाला जाऊ लागलं. दुपारी चक्की बंद असायची आणि रुखमाबाई ओट्यावर बसून भुवयांवरचं पीठ झटकायची. झटकायला फारसं पीठही नसायचं.

पुस्तक जप्त झालं तरी गोष्ट थांबली नव्हती. गौरीला ती तोंडपाठ होती. चक्कीकडे यायची बंदी होती म्हणून ती शाळेच्या मागं पोरांना जमवून अख्खं पुस्तक म्हणून दाखवायची, हातानं चित्रसुद्धा दाखवायची. "इथं बापाच्या नाकाले पीठ लागलेलं हाय," असं सांगून रिकाम्या हवेतलं पान उलटायची. विठ्ठलरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणे शाळेसमोर थांबून म्हणाले, "पुस्तक माह्या कपाटात हाय, तं हे चालू काऊन हाय?" आमच्या धंद्यात याहून मोठी पावती मिळत नाही.

पण हसण्यावारी न्यावं असं सगळं नव्हतं. राहुल यायचा बंद झाला होता. मी वस्तीत त्याच्या घरी गेले. शीला भांडी घासत होती. तिनं मला बसायला सांगितलं, पण हात थांबवला नाही.

"राहुलला पाठव ना ग," मी म्हटलं.

"ताई, विठ्ठलरावाले बापाच्या भाकरीचा राग नाय आला," ती म्हणाली. "भाकर कोनाच्या हातची होती, त्याचा आला. तुमालेबी मालूम हाय."

मला मालूम होतं.

"तुमी पुस्तक वाचता आन गाडीवर बसून आदिलाबादले जाता. आमाले इथंच राहा लागते. त्याच्याच वावरात कापूस येचा लागते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी गरम आहे असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. आजही नव्या मुलींना शिकवताना मी हे वाक्य सांगते आणि त्यांना त्याचं उत्तर विचारते. अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

मी तिथून सरळ विठ्ठलरावांच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं, की पुस्तक मागायचं.

त्यांनी अंगणात खुर्ची दिली. मंगलानं चहा आणला. विठ्ठलरावांना फुलाफुलांच्या कपात, मला कागदाच्या कपात.

हे कागदाचे कप नवीन आहेत. माझ्या आईला मालकाच्या घरी पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ओंजळ गेली, कागदाचा कप आला. दिसायला स्वच्छ, वापरून फेकता येतो, कुणी काही म्हणूही शकत नाही. मी असे पुष्कळ चहा प्यायले आहे. गोष्ट वाचायची असते, मुलं वाट बघत असतात, म्हणून पिऊन टाकते. त्या दिवशीही कप तोंडाला लावणारच होते.

गौरी दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिनं आईला विचारलं, "माय, ताईले कागदाचा कप काऊन?"

विठ्ठलराव म्हणाले, "पावन्यासाठी आनले हायेत ते."

"मंग काल मामा आला होता, त्याले काऊन नाय देल्ला?"

त्या पोरीच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आणि ज्यांना कळत होतं त्या तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. विठ्ठलराव चहाकडे बघत राहिले. गोठ्यातला बैल मान हलवत होता.

मग मंगला पुढं आली. माझ्या हातातला कप घेतला आणि आत गेली. मला वाटलं, चहा गेला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन हातांत दोन कप होते, फुलाफुलांचे. एक तिनं मला दिला. दुसरा घेऊन ती माझ्या शेजारी, ओट्याच्या पायरीवर बसली आणि फुर्रकन चहा प्यायली. नवऱ्यासमोर असं बसून चहा पिताना गौरीनं तिला पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ती तोंड उघडं ठेवून बघत होती.

चहा फार गोड होता. मी सगळा प्यायले.

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. "त्या पुस्तकात एक चूक हाय," ते म्हणाले.

"कोणती?"

"बापाले मिशीच नाय. मिशी नसलेला मानूस काईबी करन."

"म्हणजे तुम्ही वाचलं तर!"

"वाचा लागलं. पोरगी रोज वाचाले लावते. जप्त केलं तवापासून."

"मिशी असती तर चाललं असतं का?"

त्यांनी खरोखर विचार केला. "मिशीवाला भाकर थापत नाय, ताई."

"मिशीवाला निस्ता खाते," मंगला पायरीवरून म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. विठ्ठलराव हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हललं.

त्या हसण्याचा आधार घेऊन मी बोलले. "विठ्ठलराव, राग पुस्तकाचा नाही. राहुलनं केलेली भाकर गौरीनं खाल्ली, त्याचा आहे. त्याची आई त्याला आता बाहेर पाठवत नाही."

"मी कोनाले काई म्हनलो नाय. गाव बोलते."

"गाव म्हंजे कोन?" मंगलानं विचारलं. "गावात पहिले कोन बोलते? तुमीच ना?"

ते उठले, आत गेले आणि पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "पोट्टे पोट्टे हायेत," एवढंच म्हणाले आणि बैलाकडे गेले. याला माफी म्हणायचं की निकाल, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

खरा निकाल पुढच्या खेपेला लागला, आणि तो मंगलानं दिला. संध्याकाळी चक्कीवर मजुरीवरून परतलेल्या बाया दळण घेऊन उभ्या होत्या, त्यात शीला होती. मंगला स्वतः डोक्यावर जवारीचा डबा घेऊन आली. इतके दिवस दळण न्यायला गडी असायचा. डबा उतरवून तिनं सगळ्यांसमोर शीलाला विचारलं, "राहुल कुठं हाय वो? माह्या पोरीले गोल भाकर येत नाय. त्याले म्हना शिकव."

शीलानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपला नंबर येऊ दिला, पीठ घेतलं, डबा कमरेवर ठेवला. जाता जाता म्हणाली, "सांगतो. पन परात तुमच्या घरची आना."

"आनतो," मंगला म्हणाली.

परात आली. राहुलही आला, आधी दाराशी, मग आत. भावकीचं दळण हळूहळू परतलं, कारण दुसऱ्या गावचं पीठ खरंच जाडं येत होतं. गाव बदललं असं मी म्हणणार नाही. काही घरांत अजून कागदाचेच कप निघतात. विठ्ठलरावांनी भाकर थापली नाही. एकदा त्यांनी चहा केल्याची बातमी गौरीनं चक्कीवर फोडली. साखर टाकायला विसरले म्हणे, आणि घरातल्या सगळ्यांनी तो गोड असल्यासारखा प्यायला.

हे सगळं घडवून आणणारं पुस्तक म्हटल्यावर माझा त्याच्यावर फार जीव बसला. पुढं मी ते उटनूरच्या पलीकडे, जंगलातल्या एका गोंड पाड्यावर घेऊन गेले. माझं गोंडी जेमतेम, म्हणून अंगणवाडीताई बाजूला बसून एकेक वाक्य गोंडीत सांगत होत्या. मी अगदी रंगून वाचलं. पहिली भाकर फाटली, दुसरी करपली, तिसरी फुगली. पुस्तक मिटलं आणि आता हशा येणार म्हणून थांबले.

मुलं शांत. पुढं बसलेली एक मुलगी अंगणवाडीताईंना काहीतरी म्हणाली. ताई हसू दाबायला लागल्या.

"काय म्हणते?"

"ती म्हणते, बाप सयपाक करतो. बरं. आमचाबी करते. मंग गोष्ट कुठं हाय?"

मान वाकडी तशीच ठेवून मी त्या पुस्तकाकडे पाहिलं. एका गावात ज्याची जप्ती झाली, ज्याच्यापायी एक चक्की बंद पडायची वेळ आली, त्यात इथं गोष्टच नव्हती. मुलांनी माझ्यावर दया करून दुसरं पुस्तक मागितलं, बेडकाचं. ते मात्र त्यांना आवडलं.

परत आल्यावर मी चक्कीवर ही हकिगत सांगितली. रुखमाबाई हसून हसून पट्टा चढवायची विसरली. गौरी मात्र हसली नाही. ती विचार करत होती. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली,

"ताई, त्या पोरीले सांगा, गोष्ट आमच्या घरी हाय. पाहाले ये म्हना."